काळा रंग न देणारा चित्रकलेचा वर्ग

माझी लेक तिसरीत आहे. शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे फळ्यावरचे दोन डोंगर आणि मधला सूर्य वहीत उतरवायचा. परीक्षा जवळ आली की तोही तास गणिताच्या घशात. म्हणून शनिवारच्या या वर्गाला घातलं. पहिल्याच दिवशी बाईंनी लाल, पिवळा, निळा आणि पांढरा एवढेच रंग हातात दिले. काळा नाहीच! लेक कोपरापर्यंत माखून घरी आली. "आई, निळ्यात तपकिरी घातला की काळ्यासारखा होतो, पण जास्त छान दिसतो." तपकिरी कुठून आणलास? तर लाल-हिरवा मिसळून, आणि हिरवा पिवळ्या-निळ्यातून. आता झाडाची सावली जांभळट रंगवते आणि का ते मलाच शिकवते.

कागद 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, पाण्याने फारसा सुरकुतत नाही. तक्रारी आहेतच. 18 मुलांमागे एकच बाई, ब्रश धुवायला एकच नळ, मातीकामाचे दोन तास न कळवता रद्द. आणि प्रदर्शनाआधी चित्रांवर बाईंनी हात फिरवला, ते अजिबात पटलं नाही. लेकीला स्वतःचं चित्र ओळखूच येईना. बाईंना तसं स्पष्ट सांगितलं. पुढच्या सत्राला नाव मात्र घातलंय.