शाळेच्या अ‍ॅपमधली 'वाचलं'ची हिरवी खूण : टाइप वन मुलीच्या आईचा वापरानंतरचा अनुभव

हे अ‍ॅप बहुतेक पालकांच्या फोनवर असतं, त्यामुळे गृहपाठ, फी, हजेरी, सूचना यांबद्दल लिहीत नाही. ती कामं ते नीट करतं. मला लिहायचंय ते 'आरोग्य नोंद' या एकाच कप्प्याबद्दल, आणि त्यातही नोंदीखाली उमटणाऱ्या 'वाचलं' या हिरव्या खुणेबद्दल.

माझी लेक चौथीत आहे. टाइप वन डायबेटिस. दंडावर सतत शुगर मोजणारा सेन्सर, प्रत्येक खाण्याआधी इन्सुलिन. शाळा उघडली त्याच आठवड्यात मी नोंद भरली. शुगर कमी झाल्याची लक्षणं काय, गोळ्या दप्तराच्या कुठल्या कप्प्यात, किती द्यायच्या, मला फोन कधी करायचा, सगळं व्यवस्थित लिहिलं. दुसऱ्या दिवशी खाली हिरवी खूण आली. पालकाला एवढंच दिसतं. कोणी वाचलं ते दिसत नाही.

मग गेल्या महिन्यात वर्गशिक्षिका रजेवर गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या बाईंच्या तासाला लेकीचे हात थरथरायला लागले, म्हणून तिने दप्तरातून ग्लुकोजच्या गोळ्यांची नळी काढली. बाई म्हणाल्या, "तुला डायबेटिस आहे ना? मग गोड काय खातेस?" नळी टेबलाच्या खणात गेली आणि लेकीला "ऑफिसात जाऊन सांग" म्हणून एकटीला खाली पाठवलं. दोन जिने. सेन्सरचा आकडा तिच्या फोनवरून माझ्या फोनवर येतो, आणि तिचा फोन दप्तरात, दप्तर वर्गात. सेन्सरचं ब्लूटूथ जेमतेम सहा ते दहा मीटर पोचतं, मध्ये भिंती आल्या की त्याहूनही कमी. त्यामुळे इकडे माझ्या फोनवर आकड्याच्या जागी नुसती आडवी रेघ. ऑफिसातल्या शिपाईकाकांनी तिचा पांढराफटक चेहरा बघितला आणि कोणाला न विचारता साखरपाणी करून दिलं. त्यांच्या घरी डायबेटिस आहे, म्हणून त्यांना कळलं.

ती वर्गात परतल्यावर फोन पुन्हा जोडला गेला आणि मागचा आलेख भरून आला. मधल्या सुट्टीच्या आधी ५८ चा खड्डा. मी ऑफिसला फोन लावला. उत्तर मिळालं, "मुलगी वर्गात बसलीय, ठीक आहे." खरं काय घडलं ते मला घरी आल्यावर लेकीकडून कळलं. अ‍ॅपवर त्या दिवशी शाळेकडून एकच निरोप होता, तोही ओळखपत्राच्या फोटोबद्दल.

ज्यांच्या घरी हे नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की लो, म्हणजे कमी, ५४ च्या खाली गंभीर. मेंदूचं इंधन ग्लुकोज, त्यामुळे लो झालेलं मूल गोंधळतं, चिडतं, कधी नुसतं गप्प बसतं, आणि वेळेत साखर मिळाली नाही तर बेशुद्ध पडू शकतं. म्हणून लो असलेल्या मुलाला एकटं कुठेही पाठवायचं नाही. आजाराचं निदान झाल्यावर दवाखान्यात आई-बापांना ज्या पहिल्या गोष्टी शिकवतात त्यात ही असते. साखर मुलाजवळ आणायची, मुलाला साखरेकडे चालवायचं नाही.

त्या बाईंनी दुष्टपणा केला असं मी म्हणत नाही. त्यांच्यापर्यंत 'डायबेटिस' हा शब्द पोचला होता. सूचना पोचली नव्हती. स्टाफरूममध्ये कोणीतरी "चौथी ब मध्ये एक डायबेटिसची मुलगी आहे, लक्ष ठेवा" असं सांगितलेलं होतं आणि त्यांनी खरोखरच लक्ष ठेवलं. काहीच माहीत नसतं तर त्यांनी कदाचित तिला गोळी खाऊ दिली असती. अर्धी माहिती पोचल्यामुळे त्यांनी नेमकं औषध काढून घेतलं. टाइप वन गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. टोरांटोमध्ये १९२२ च्या जानेवारीत १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. तेव्हापासून ही मुलं जगतायत, शाळेत जातायत, आणि शंभर वर्षांनंतरही शाळेत त्यांना "गोड काय खातेस" हेच ऐकावं लागतं. याचा मला मनापासून संताप येतो.

मुख्याध्यापिकांना भेटले. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमची नोंद सिस्टिममध्ये आहे, आणि ती वाचलेली आहे." त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून हिरवी खूण दाखवली. तिथे माझं डोकं फिरलं. मी विचारलं, कोणी वाचली? ते त्यांनाही सांगता येईना.

मग अ‍ॅपच्या मदत कक्षाशी भांडण. पहिल्या दोन-तीन वेळा साचेबंद उत्तरं आली, तक्रार बंद केल्याचा निरोप आला, मी ती पुन्हा उघडली. शेवटी एका माणसाने फोन करून नीट समजावलं. शाळेच्या कुठल्याही एका लॉगिनवरून नोंद उघडली गेली की खूण हिरवी होते. आमची नोंद उघडली होती ऑफिसातून, फॉर्म तपासताना. बदलीवर येणाऱ्या शिक्षकांच्या लॉगिनला हजेरी आणि गृहपाठ सोडून काहीच दिसत नाही. म्हणजे सत्राच्या पहिल्या आठवड्यापासून मला जी खूण दिसत होती तिचा अर्थ एवढाच, की ऑफिसात कोणीतरी ते पान एकदा उघडून बंद केलं. मुलांच्या जिवाशी संबंधित गोष्टीखाली अशी खूण ठेवणं हे मला निव्वळ बेजबाबदारपणाचं वाटतं. 'मिळालं' लिहा, 'जमा झालं' लिहा. 'वाचलं' लिहू नका. ही खूण नसती तर मी दर आठवड्याला वर्गात जाऊन विचारलं असतं.

इथपर्यंतचं मी त्या दिवसांत रागाच्या भरात लिहून ठेवलं होतं. नंतर माझं मत काही बाबतीत बदललं, तेही सांगते. त्याच माणसाने सांगितलं की अ‍ॅपमध्ये 'आरोग्य इशारा' नावाची सोय आधीपासून आहे. ती चालू केली की हजेरीच्या यादीत मुलाच्या नावापुढे लाल ठिपका येतो आणि त्याच्यावर बोट ठेवलं की नोंद उघडते. आमच्या शाळेने ती बंद ठेवली होती. का, तर "इतर मुलांना दिसेल, खाजगी माहिती आहे." हा मुद्दा खोटा नाही. काही आई-बापांना आपल्या मुलाचा आजार लपवून ठेवावासा वाटतो आणि त्यामागे त्यांची कारणं असतात. पण मग पालकाला विचारा! मी लेखी संमती दिली आणि दोन दिवसांत ठिपका आला. तेव्हा अ‍ॅपवरचा माझा निम्मा राग तिथेच निवळला. सोय बनवणाऱ्यांनी बनवली होती, वापरणाऱ्यांनी कुलूप घातलं होतं.

ठिपक्याखाली मात्र जेमतेम दोन ओळी मावतात, बाकीचं वाचायला आणखी आत जावं लागतं. वर्गात पन्नास पोरं गलका करत असताना कोण आत जाणार? म्हणून मी नोंद नव्याने लिहिली. पहिल्या दोन ओळी अशा: 'थरथर, घाम, गप्प किंवा चिडचिड = लगेच दप्तराच्या पुढच्या कप्प्यातल्या ३ गोळ्या. एकटीला कुठेही पाठवू नये. मग आईला फोन.' आजाराचं नाव तिसऱ्या ओळीत. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे की नाव आधी लिहू नका, कृती आधी लिहा. नाव वाचलं की माणूस आपल्याजवळ असलेल्या माहितीवर चालायला लागतो.

गोळ्या किती ते आपल्या डॉक्टरांनाच विचारायचं. मोठ्या माणसाला १५ ग्रॅम साखर देऊन १५ मिनिटं थांबायचं हा नेहमीचा हिशेब, पण मुलांचा साधारण वजनावर असतो, किलोमागे ०.३ ग्रॅम. ३० किलोच्या मुलाला ९ ग्रॅम. चॉकलेट देऊ नका हेही नोंदीत घातलंय, कारण प्रेमाने सगळे आधी तेच काढतात. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा जाते. आणि सेन्सर रक्तातली नव्हे, पेशींच्या भोवतालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून तो काही मिनिटं मागे असतो. स्क्रीनवर ७४ आणि बाण खाली, म्हणजे साखर उतरत असेल तर प्रत्यक्षात ती लो झालेलीही असू शकते. "७० च्या वर आहे की" म्हणून थांबायचं नाही.

आता उलट्या बाजूचं, शाळेकडून घरी येणाऱ्या निरोपांचं. मला विचाराल तर खरी तूट इथे आहे आणि याबद्दल कोणी बोलत नाही. आमच्या घरी इन्सुलिनचा डोस शाळेच्या वेळापत्रकावर ठरतो. जेवणाआधीचं जलद इन्सुलिन पंधरा-वीस मिनिटांत काम सुरू करतं आणि तास-दोन तासांत जोरावर येतं. इन्सुलिन घेतलं आणि कोणी पाहुणे आले म्हणून मधली सुट्टी अर्धा तास पुढे ढकलली, तर बाकीच्या मुलांना फक्त भूक लागते, माझ्या लेकीची शुगर कोसळते. मैदानावरच्या जादा सरावाचंही तेच. धावपळीचा परिणाम मैदानावर संपत नाही, पुढचे कित्येक तास टिकतो आणि लो रात्री झोपेत येतो. मला सराव होता हे कळलं तर मी रात्रीचा डोस डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे कमी करते. आमच्या शाळेच्या सरावाची सूचना अ‍ॅपवर येते सराव संपल्यानंतर, फोटोंसकट. याउलट शुगर वाढलेली असते तेव्हा तिला सारखी तहान लागते आणि सारखं लघवीला जावं लागतं, आणि "तास संपल्यावर जा" हे उत्तर मिळतं. ते मला कोण कळवणार?

पी.टी.च्या सरांनी मात्र मला थक्क केलं. लाल ठिपका दिसला त्याच आठवड्यात त्यांनी अ‍ॅपच्या खाजगी निरोपात लिहिलं, "उद्या शेवटचे दोन तास मैदान. शुगर बघून पाठवा. गोळ्या माझ्याही खिशात ठेवतो, कुठल्या आणू?" एवढंच. तेव्हापासून प्रत्येक जादा सरावाच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा निरोप येतो. ज्या अ‍ॅपला मी नावं ठेवत होते त्याच अ‍ॅपवर, त्याच बटणाने. त्यांच्यामुळे मला आता रात्री तीनचा गजर लावून तिची शुगर बघण्याची वेळ कमी येते. सरांचे उपकार मी विसरणार नाही.

सेन्सरवाल्या पालकांसाठी एक पैशाची गोष्ट मध्येच सांगून टाकते. आमचा सेन्सर १४ दिवसांचा असतो. खेळताना तो निघाला आणि वर्गात झाडणाऱ्या मावशींनी कचरा समजून टाकला, तर उरलेल्या दिवसांचे पैसे गेले. निघालेला सेन्सर जपून ठेवायला सांगा. कंपनीकडे बदलून मागताना त्याचा नंबर लागतो, कधी तो तुकडाही परत मागतात. खोक्याचा फोटो मी आता लावतानाच काढून ठेवते.

शाळेशी बोलताना हात रिकामे ठेवून जाऊ नका. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने शिक्षकांसाठी तयार केलेली मोफत माहितीपुस्तिका अनेक भाषांत मिळते. मी तिची छापील प्रत मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवली तेव्हा संभाषणाचा सूर बदलला. इंग्लंडमध्ये तर २०१४ च्या 'चिल्ड्रन अँड फॅमिलीज अ‍ॅक्ट' या कायद्यातल्या १०० व्या कलमाने आजार असलेल्या मुलांची शाळेत व्यवस्था करणं हे शाळेचं कर्तव्यच ठरवलंय. "एका मुलीसाठी आम्ही एवढं कसं करणार" असं कोणी म्हटलं तर हे सांगता येतं.

सध्याची स्थिती अशी: लाल ठिपका चालू आहे, फोन कमरेच्या पाकिटात ठेवायला लेखी परवानगी मिळालीय, गोळ्यांची एक नळी वर्गशिक्षिकांच्या खणात आणि एक ऑफिसात आहे. बदली शिक्षकांच्या लॉगिनला ठिपका अजून दिसत नाही. कंपनी म्हणते पुढच्या आवृत्तीत येईल. तारीख विचारली तर मिळत नाही. तोवर वर्गाच्या हजेरीपटाच्या पहिल्या पानाला त्याच दोन ओळींचं कार्ड चिकटवून घेतलंय, कारण बदलीवर कोणीही आलं तरी हजेरीपट उघडतंच. तुमच्या शाळेत हेच अ‍ॅप असेल तर उद्याच ऑफिसात तीन गोष्टी विचारा: आरोग्य इशारा चालू आहे का, माझ्या मुलाची नोंद कोणकोणत्या लॉगिनला दिसते, आणि वर्गशिक्षक रजेवर असले तर ती कोणाला दिसते. उत्तर लेखी मागा.