ऑटोरोटेशनचा सराव: पॉवर रिकव्हरी की थेट टेकवणं?

ऑटोरोटेशन म्हणजे इंजिन बंद पडल्यावर नुसत्या हवेने फिरणाऱ्या रोटरवर (वरच्या पात्यांवर) हेलिकॉप्टर उतरवणं. सरावात शेवटी इंजिनची ताकद परत घ्यायची (पॉवर रिकव्हरी) की तशीच जमीन गाठायची? नवं लायसन्स मिळालेल्यांना रॉबिन्सन आर२२ या छोट्या हेलिकॉप्टरवर हा प्रश्न पडतोच. कोणताही प्रकार निवडा, शेजारी इन्स्ट्रक्टर हवाच. एकट्याने सराव नको.

कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा) लगेच खाली, सुमारे ६५ नॉट वेग, रोटर आरपीएम ९० ते ११० टक्क्यांत, मग फ्लेअर (नाक वर उचलून वेग कमी करणं). इथपर्यंत दोन्ही सारखेच, आणि जीव वाचवणारं बहुतेक कौशल्य इथेच आहे.

धोका: आर२२चा रोटर हलका, साठलेली ऊर्जा क्षणात संपते. टेकवताना कलेक्टिव्ह उचलण्याची संधी एकदाच मिळते. त्यात नाक तिरकं राहिलं किंवा मशीन आडवं सरकलं तर उलटू शकतं. पॉवर रिकव्हरीत इंजिन सावरतं, पण थ्रॉटल उशिरा दिला तर आरपीएम घसरतो आणि पेडल कमी पडलं तर नाक झटक्यात वळतं.

खर्च: टेकवण्यात स्किडखालच्या (हेलिकॉप्टर ज्यांवर उभं राहतं त्या दांड्यांखालच्या) पट्ट्याही झिजतात.

शिकवण: शेवटच्या काही फुटांचा अंदाज मात्र टेकवूनच येतो.

अमेरिकेत टेकवण्याचं प्रशिक्षण इन्स्ट्रक्टर होणाऱ्यांसाठी सक्तीचं आहे. इन्स्ट्रक्टर व्हायचं असेल तर ते अनुभवी इन्स्ट्रक्टरकडून, सपाट धावपट्टीवर शिका. बाकी नवख्यांनी पॉवर रिकव्हरीच नियमित करावी.