क्वेरसेटिनच्या कॅप्सूल: पाचपैकी दोन तारे, त्यातला एक झाकणाला

ह्यांच्या मूत्रपिंडाच्या कॅन्सरवर सुनिटिनिब १४ महिने लागू पडलं. मग स्कॅनमध्ये फुप्फुसातल्या गाठी पुन्हा वाढलेल्या दिसल्या आणि डॉक्टरांनी औषध बदलून कॅबोझँटिनिब सुरू केलं. त्यानंतर महिन्याभरात धाकट्या दिरांनी क्वेरसेटिन या वनस्पतींतल्या पिवळ्या द्रव्याची ही बाटली मागवून पाठवली. सोबत निरोप: "वहिनी, झाडपाल्याचंच आहे, अपाय तर नाही ना!" भावोजींच्या मायेबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते बाटलीबद्दल.

मी रसायनशास्त्र शिकवायची, त्यामुळे लेबल आधी आणि झाकण नंतर ही सवय. समोर ठळक अक्षरांत ५०० मिलिग्रॅम. मागे मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत 'एक मात्रा म्हणजे दोन कॅप्सूल'. म्हणजे एकीत २५०च. समोर 'किडनीला आधार', मागे 'कोणत्याही रोगाच्या उपचारासाठी नाही'.

एक कॅप्सूल फोडली. पिवळीधमक भुकटी. पाण्यात कितीही ढवळली तरी विरघळेना, पेल्याच्या कडेला चिकटून बसली. धुण्याच्या सोड्याचं पाणी घातल्यावर मात्र विरघळून गडद पिवळी झाली आणि थोड्या वेळाने तपकिरी पडत गेली. क्वेरसेटिन असंच वागतं. यावरून शुद्धता कळत नाही, पण नुसतं पीठ भरलेलं नाही एवढं समजलं. एक तारा त्याचा. दुसरा झाकणाचा. औषधाने ह्यांचे तळहात सोलवटलेत, साधी बाटली उघडतानाही कळवळतात. हे झाकण त्यांनी एका झटक्यात फिरवलं.

बाटलीसोबत पत्रक आहे. त्यात 'औषधांना न जुमानणाऱ्या किडनी कॅन्सरवर संशोधनातून सिद्ध' असं लिहिलंय. मला राग आला तो या 'सिद्ध'चा, कारण त्याच्या मागचं संशोधन खरंच वाचण्यासारखं आहे. या कॅन्सरच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात व्हीएचएल नावाचं जनुक बहुतेकदा निकामी झालेलं असतं. त्यामुळे पेशीला सतत ऑक्सिजन कमी पडल्याचा भास होतो आणि ती नव्या रक्तवाहिन्या मागवत राहते. सुनिटिनिब ती मागणी अडवतं. काही काळाने गाठ वाढीसाठी मेट, अ‍ॅक्सल अशा दुसऱ्या प्रथिनांच्या वाटा धरते. शिवाय या पेशींच्या आवरणात पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप असतो, तो कित्येक औषधं आत आली की बाहेर फेकतो. क्वेरसेटिन, एपिजेनिन, ल्युटिओलिन ही वनस्पतींतली फ्लॅव्होनॉइड्स प्रयोगशाळेत अशा एकाहून अधिक वाटांवर परिणाम करताना दिसतात. क्वेरसेटिन त्या पंपालाही अडवतं. संशोधकांना यात रस वाटला तर नवल नाही.

पण हे सगळं काचेच्या बशीतलं. तिथे क्वेरसेटिन थेट पेशींवर ओततात. गिळल्यावर आतडं आणि यकृत मिळून त्याला ग्लुकुरोनाइड, सल्फेटची शेपटं जोडतात आणि रक्तात मोकळं क्वेरसेटिन जेमतेम उरतं. मग शिरेतून द्यावं, तर तेही करून झालंय. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत मोठ्या मात्रेने रुग्णांच्या मूत्रपिंडांनाच त्रास झाला. ज्याच्यासाठी घ्यायचं त्याच्याच मुळावर! रोहिटुकिन या वनस्पतिजन्य रेणूवरून बेतलेलं फ्लॅव्होपिरिडॉल हे औषधही याच कॅन्सरच्या रुग्णांना देऊन पाहिलं, फार काही हाती लागलं नाही. जरा बरी बातमी आयसोक्वेरसेटिनची, म्हणजे साखरेचा रेणू जोडलेल्या क्वेरसेटिनची. २०१८ साली आलेल्या एका चाचणीत सुनिटिनिब घेणाऱ्या १२ रुग्णांना ते दिलं, रोज ४५० किंवा ९०० मिलिग्रॅम. सुरक्षितता बघितली, थकवा कमी झाल्याचं दिसलं. तुलनेला दुसरा गट नव्हता. प्रश्न थकव्याचा होता, गाठ वितळण्याचा नव्हे. आणि या बाटलीत आयसोक्वेरसेटिन नाहीच.

खरी गोम शेवटच्या ओळीत. घटकांच्या यादीच्या तळाशी लिहिलंय: 'शोषण वाढवण्यासाठी काळ्या मिरीचा अर्क'. लेबलचा फोटो डॉक्टरांना दाखवला, तर त्यांचं बोट तिथेच थांबलं. कॅबोझँटिनिब यकृतात सीवायपी३ए४ या एन्झाइममुळे मोडतं. त्याच्यासोबत ग्रेपफ्रूट खाऊ नका असं औषधाच्या माहितीपत्रकातच असतं, तेही याच कारणाने. मिरीतलं पायपरिन हे एन्झाइम रोखू शकतं. औषध वेळेवर मोडलं नाही तर रक्तात साचणार, रक्तदाब चढणार, तळहात आणखी सोलवटणार. हे औषध शरीरातून निघायलाही दिवसच्या दिवस लावतं, त्यामुळे 'बंद केलं की झालं' असंही नाही. "सध्या नको," डॉक्टर म्हणाले. ह्यांनी एकही घेतलेली नव्हती, नशीब.

कंपनीला मी सरळ विचारलं: कॅबोझँटिनिबबरोबर चालेल का? दोन दिवसांनी उत्तर आलं: 'आमचं उत्पादन १०० टक्के नैसर्गिक आहे.' पुन्हा विचारलं, तर तेच वाक्य, फक्त शेवटी हसरा चेहरा. तिसरा तारा इथे गेला. सील फोडलेली बाटली परत घेत नाहीत.

उरलेल्या ५९ कॅप्सूल कपाटात आहेत. भावोजींना कळवलं तर म्हणाले, "मग मीच घेऊन टाकतो, वाया कशाला घालवायच्या?" त्यांना कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. तिचं नाव आधी कळवा म्हटलंय. अजून उत्तर नाही.