काचबिंदूसाठी दोन औषधांचे एकत्र थेंब : नऊ महिन्यांचा अनुभव

मी शिवणकाम करते. साताऱ्यात घराच्या पुढच्या खोलीतच मशीन आहे. दीड वर्षापूर्वी जवळचा चष्मा बदलून घ्यावा म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले आणि काचबिंदू निघाला. उजव्या डोळ्याच्या आतला दाब २८, डाव्याचा २५. साधारण १० ते २१ असायला हवा. मला पटेचना, कारण सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवत होते. मग फील्ड टेस्ट झाली. हनुवटी टेकवून समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं, बाजूला कुठे उजेड चमकला की बटण दाबायचं. कागद छापून आला तर उजव्या डोळ्याच्या नाकाकडच्या बाजूला काळा डाग. समोरचं नीट दिसत राहतं, आधी कडेचं जातं, आणि गेलेलं परत येत नाही, हे डॉक्टरांनी तो कागद पुढे ठेवून समजावलं.

माझ्या वडिलांचं हेच झालं. आम्ही मोतीबिंदू समजलो आणि ‘पिकला की काढू’ म्हणत राहिलो. शेवटी त्यांना ताटातली भाकरी चाचपडावी लागायची. ते आठवलं की माझा थेंब चुकत नाही.

आधी दाब कमी करायला नुसते टिमोलॉल या औषधाचे थेंब होते, दिवसातून दोनदा. दाब २२ च्या खाली येईना, म्हणून डॉर्झोलामाइड जोडलं, ते दिवसातून तीनदा. म्हणजे पाच वेळा थेंब, आणि दोन औषधं एकाच वेळी आली तर मध्ये पाच मिनिटं थांबायचं, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना दुपारचा थेंब हमखास राहायचा. नऊ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी दोन्ही औषधं एकाच बाटलीत असलेले थेंब दिले. सकाळी सात, रात्री सात. माझ्यासाठी याचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होत असतं, अश्रू नव्हे, आतलं पाणी. ते बारीक जाळीतून निचरतं. निचरा कमी पडला की दाब चढतो आणि मागच्या नसेला इजा होते. ही दोन्ही औषधं पाणीच कमी तयार होऊ देतात, पण वेगवेगळ्या वाटांनी, म्हणून जोडीनं जास्त काम करतात. दीड महिन्यानं माझा दाब १७ आणि १६ आला. तेव्हापासून १५ ते १७ मध्ये आहे. नवीन फील्ड टेस्टमध्ये काळा डाग होता तेवढाच आहे. नजर सुधारलेली नाही, या थेंबांनी ती सुधारतही नाही. डाग वाढला नाही, याचंच मला समाधान.

त्रास सांगते. थेंब पडला की चुरचुरतं, चांगलं अर्धा मिनिट. थोडा वेळ धुरकट दिसतं, तेवढ्यात मी कात्री हातात घेत नाही. आणि तोंड कडू होतं. डोळ्यातला थेंब नाकात आणि तिथून घशात उतरतो. यावर उपाय डॉक्टरांकडच्या सिस्टरांनी दाखवला आणि तो प्रत्येकानं शिकून घ्यावा. मान मागे, खालची पापणी बोटानं ओढून खिसा करायचा, त्यात एकच थेंब, बाटलीचं टोक कुठेही टेकवायचं नाही. मग डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबून धरायचा. असं केल्यावर कडवटपणा निम्म्यानं कमी झाला. महत्त्वाचं म्हणजे औषध डोळ्यात राहतं, अंगात कमी जातं.

अंगात कमी जाणं का महत्त्वाचं, तर टिमोलॉलनं नाडी मंदावू शकते. माझी ७६ वरून ६४ वर आली, सुरुवातीला जिना चढताना थकवा यायचा. डॉक्टरांनी तपासून चालू ठेवायला सांगितलं. दमा असेल, किंवा हृदयाचे ठोके आधीच मंद असतील, तर हे औषध धोक्याचं ठरू शकतं. सल्फाच्या गोळ्यांची ॲलर्जी असेल तर तीही सांगायची, ती डॉर्झोलामाइडसाठी. शेजारच्या काकू ‘मलाही तुझेच थेंब दे’ म्हणाल्या, त्यांना दमा आहे. मी स्पष्ट नाही म्हटलं.

चौथ्या महिन्यात एक प्रसंग घडला. नवीन बाटली फोडली आणि दोन दिवसांत लक्षात आलं की तोंड कडू होत नाहीये. आधी बरं वाटलं, मग शंका आली. खोका वाचला तर त्यात नुसतं टिमोलॉल. कंपनी तीच, खोक्याचा रंगही तसाच, दुकानदारानं नजरचुकीनं दिलं होतं. तेव्हापासून काउंटरवरच चष्मा लावून दोन्ही नावं आणि तारीख वाचते. बाटली फोडली की तिच्यावर पेनानं तारीख घालते, कारण माझ्या बाटलीवर चार आठवड्यांत संपवा असं छापलेलं आहे. पाच मिलीची बाटली दोन्ही डोळ्यांना साधारण महिनाभर पुरते, थेंब गालावर गेले नाहीत तर. खर्च चारशेच्या आतबाहेर, आणि तो दर महिन्याचा, हे धरून चालायचं.

काचबिंदू घराण्यात चालतो म्हणून धाकट्या भावाला बळजबरीनं तपासायला नेलं. तोही म्हणत होता, मला सगळं स्वच्छ दिसतंय. त्याचा दाब २४ निघाला. नस अजून शाबूत आहे, फील्ड टेस्ट येत्या बुधवारी आहे. मीच बरोबर जाणार आहे.