एकवीस अंकी संख्येवर ‘पारी-जीपी’ची परीक्षा

‘पारी-जीपी’ उघडलं की एक काळी खिडकी आणि तिच्यात प्रश्नचिन्ह. मेन्यू नाही, बटणं नाहीत. फ्रान्समधल्या बोर्दो विद्यापीठातून आलेलं हे मोफत गणिती सॉफ्टवेअर नवख्याचे लाड करत नाही, पण मोठ्या पूर्णांकाची कुंडली मांडायची तर हेच घ्यावं.

चाचणीला २ चा ६७ वा घात वजा १, म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. निवड मुद्दाम केलेली. फ्रेंच गणिती मर्सेनच्या १६४४ च्या यादीत ही मूळ संख्या म्हणून बसली होती. १८७६ मध्ये ल्युकासने ती संयुक्त ठरवली, पण अवयव १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोलने मांडले. जीपीत ‘फॅक्टर’ला विचारलं की क्षणात दोन ओळी: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७, शेजारच्या रकान्यात दोघांचे घात १.

स्प्रेडशीटमध्ये हीच संख्या टाका. पंधरा अंक टिकतात, पुढे सहा शून्यं. ब्राउझरमधली कित्येक गणकयंत्रं तिला ५३ बिटांत, म्हणजे जेमतेम सोळा अंकांच्या जागेत, कोंबतात आणि २ चा ६७ वा घातच धरून बसतात. विषम संख्या सम झाली, मग पुढचं सगळं मुसळ केरात. जीपी शेवटचा ७ सोडत नाही.

दुसरा सापळा मूळपणाच्या चाचणीचा. फक्त २ हा पाया घेऊन फर्माची झटपट कसोटी लावली, तर ही संख्या मूळ म्हणून बिनदिक्कत पास होते. त्याच पायाची मिलर-राबिन ही जास्त कडक कसोटीही तिला अडवत नाही. जीपीचं ‘इझप्राइम’ मात्र ०, म्हणजे ‘मूळ नाही’, असं उत्तर देतं, आणि तेच बरोबर.

संख्या कोणकोणत्या प्रकारांत बसते, ही वर्गवारी एकेक करून मागावी लागते. ‘न्यूमडिव्ह’ ४ विभाजक सांगतं. ‘सिग्मा’ सगळ्या विभाजकांची बेरीज देतं; तिच्यातून ही संख्याच वजा केली की उरतात ७६२०३१९६५००९, म्हणजे स्वतःपुढे किरकोळ, म्हणून संख्या न्यून. अवयव दोनच आणि वेगळे, कुठल्याच मूळ संख्येच्या वर्गाने भाग जात नाही, म्हणून वर्गमुक्त. देवळालीच्या कापरेकरांच्या हर्षद संख्येसाठी (स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणारी) तयार आज्ञा नाही, पण ‘समडिजिट्स’ने अंकांची बेरीज १०९ मिळते, आणि तिने भागल्यावर बाकी ९१ उरते. हर्षद नाही.

तक्रारी आहेतच. लाख-कोटींचे स्वल्पविराम ठेवून संख्या चिकटवली तर जीपीला ते वेगवेगळे इनपुट वाटतात. आधी काढून टाका. १० चा २० वा घात ‘१ई२०’ असा लिहिलात तर तो दशांश संख्या धरला जातो आणि ‘इझप्राइम’ चूक दाखवून थांबतं; घाताचं चिन्हच वापरा. स्टॅक (जीपीची कामाची मेमरी) भरल्याचा संदेश आला तर ‘अलोकेटमेम’ रिकाम्या कंसासह द्या, जागा दुप्पट होते. आणि दोन बलाढ्य मूळ अवयवांची शंभर अंकी संख्या देऊन चहा होईपर्यंत उत्तराची अपेक्षा ठेवू नका.