मोपा की दाबोळी? मयेच्या तळ्यावर महिनोन्‌महिने ये-जा करून झालेलं मत

नोकरी मुंबईत, पण महिन्यातले काही दिवस कुठूनही काम केलेलं ऑफिसला चालतं. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून गोव्यात मयेला, तळ्याच्या वरच्या अंगाला एक खोली भाड्याने घेतली आहे आणि विमानाने येणं-जाणं सुरू आहे. तेव्हापासून ओळखीतला प्रत्येक जण एकच विचारतो, गोव्यातल्या दोन विमानतळांपैकी मोपाला उतरायचं की दाबोळीला? नकाशा बघून सगळे मोपा म्हणतात. मी विचारते, विमान किती वाजता टेकतंय?

मये डिचोली तालुक्यात, मांडवीच्या उत्तरेला. मोपा पेडण्यात, म्हणजे त्याच बाजूला. दाबोळी पार खाली मुरगावात, मध्ये झुवारी आणि मांडवी अशा दोन नद्या. एवढ्यावर मोपा जिंकायला हवा. पण मोपाच्या पठारावरून गाडी आधी धारगळला उतरते, मग महामार्गाने दक्षिणेला कोलवाळच्या पुलावर जाते आणि तिथून पुन्हा पूर्वेला अस्नोड्याकडे वळते. थोडक्यात द्राविडी प्राणायाम. साधारण चाळीस किलोमीटर होतात. दाबोळीहून रायबंदरच्या फेरीने, म्हणजे नदी ओलांडणाऱ्या बोटीने आलं तरी आकडा फार वेगळा पडत नाही. फरक पडतो तो तुमच्या वेळेला कुठलं वाहन चालू आहे याने.

आधी मोपा. जानेवारी २०२३ मध्ये इथून प्रवासी विमानं सुरू झाली. विमानतळ स्वच्छ, मोठा, सामान लवकर येतं, तक्रार नाही. खरी गंमत दाराबाहेर. उबरच्या सवयीने मोबाइल काढाल तर तो परत खिशात ठेवा, गोव्यात ती चालत नाही. इथल्या टॅक्सीचं ॲप वेगळं, काउंटर वेगळे. कळंगुट किंवा पणजी म्हटलं की लगेच गाडी मिळते. मये म्हटलं की चालकाचा चेहरा पडतो. एकदा एकाने बॅग डिकीत ठेवल्यावर विचारलं, ‘‘मये म्हणजे डिचोलीच ना?’’ आणि तळ्याजवळ पोचल्यावर डिचोलीच्या पुढच्या चार-पाच किलोमीटरचे वेगळे पैसे मागितले. त्याचंही अगदीच चूक नव्हतं, परतीचं भाडं मिळत नाही आणि गाडी रिकामी न्यावी लागते. पण हे बॅग ठेवण्याआधी बोलायचं असतं. तेव्हापासून मी ‘मयेचं तळं, दारापर्यंत’ असं म्हणून आकडा ठरवते आणि मगच बसते.

बसने यायचं तर कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बस मोपाहून म्हापसा-पणजीकडे जातात. बऱ्याचशा इलेक्ट्रिक, गार आणि आरामशीर. म्हापशाला उतरून डिचोलीची खासगी बस धरायची. इथून पुढे आराम संपतो. कंडक्टर ‘फाटीं वच, फाटीं वच’ (मागे जा) करत माणसं आत कोंबतो. चाकांची बॅग असेल तर ती ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर जाते आणि थिवी येईपर्यंत तुमचे डोळे तिच्यावर. शुक्रवारी हा बेत करूच नका. म्हापशाचा आठवड्याचा बाजार असतो, बसमध्ये केळ्यांचे घड, सुक्या मासळीच्या पिशव्या आणि कोंबड्या तुमच्याआधी चढलेल्या असतात. डिचोलीच्या स्टँडवर उतरलं की मयेची बस लागलेली असेल तर ठीक, नसेल तर पायलट. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, पायलट म्हणजे मोटरसायकलवाला, मागे बसवून नेतो. मोठी बॅग असेल तर तो नुसता हसतो.

अंधार पडला की हे गणित मोडतं. आठच्या पुढे डिचोलीकडच्या बसचा भरवसा मी धरत नाही. रात्रीचं विमान असेल तर मोपाला उतरून ठरवलेल्या टॅक्सीनेच येते, आणि तेव्हा मोपाच बरा, कारण एकच सलग रस्ता आहे आणि फेरीच्या वेळा बघत बसावं लागत नाही. गूगल मॅप कधीकधी दोडामार्गाकडून आणायला बघतो. दिवसा तो रस्ता हिरवागार आणि सुंदर आहे, रात्री एकट्या बाईने नवख्या चालकाबरोबर त्या बाजूने येऊ नये. मी स्पष्ट सांगते, ‘‘कोलवाळ, अस्नोडा, तसंच चला.’’

आता दाबोळी. दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या ‘हंसा’ तळावर आहे, त्यामुळे कामाच्या दिवशी सकाळचा बराच वेळ धावपट्टी नौदलाच्या सरावासाठी राखीव. साहजिकच दुपारच्या विमानांची गर्दी होते. आणि मयेला यायला दुपारच सगळ्यांत सोयीची! एक-दीडला टेकलं की चिखलीला मोठ्या रस्त्यावर येऊन वास्कोहून पणजीला जाणारी बस धरायची. झुवारीवरच्या नव्या केबलच्या पुलाने हा प्रवास खरोखर बदलला. एक बाजू डिसेंबर २०२२ मध्ये खुली झाली, दुसरी वर्षभराने. कुठ्ठाळीला जुन्या पुलाच्या तोंडाशी तासन्‌तास अडकलेल्यांनाच याची किंमत कळेल.

पणजीच्या स्टँडवरून रायबंदरमार्गे जुन्या गोव्याकडे जाणारी बस धरायची. पाटो ते रायबंदर हा नदीकाठचा लांब बांध-पूल पोर्तुगीजांनी १६३४ च्या सुमारास बांधला, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं. रायबंदरला फेरीच्या धक्क्यावर उतरायचं.

या फेरीबद्दल लोक आधी फार वैतागून बोलायचे. डिचोली, मये, चोडणची माणसं कामाला पणजीला जातात ती याच वाटेने, आणि सकाळ-संध्याकाळ गाड्यांची रांग रस्त्यावर यायची. जुलै २०२५ पासून रायबंदर-चोडण मार्गावर रो-रो, म्हणजे गाड्या थेट चढवता-उतरवता येणाऱ्या बोटी आल्या. जुन्या फेरीबोटीपेक्षा मोठ्या आणि वेगवान. तरी संध्याकाळी पाचनंतर चोडणच्या दिशेने गाड्यांची गर्दी होतेच. पण पायी माणसाला रांग नाही, तिकीटही नाही. टॅक्सीत बसलेला प्रवासी मागे गाडीत घाम पुसत असतो आणि तुम्ही बॅग ओढत त्याच्या शेजारून सरळ बोटीवर चढता. म्हणून दाबोळीहून टॅक्सी केलीच तर मी रायबंदरच्या धक्क्यापर्यंतच करते. चालकालाही फेरी नको असते, दोघंही खूश.

बोट चोडणला लागताना लोखंडी फळी खडखडत धक्क्यावर आपटते आणि ती पुरती टेकायच्या आधीच स्कूटरवाले सुटतात. पहिल्यांदा येणाऱ्याने त्या वेळी कडेला उभं राहावं. धक्क्यापासून जवळच सलीम अली पक्षी अभयारण्याची खारफुटी सुरू होते. अभयारण्य आकाराने चिमुकलं, दोन चौरस किलोमीटरसुद्धा नाही. डिचोलीची बस उभी असते, ती चोडण बेट ओलांडून मयेत शिरते. बांध, मानस (पाणी सोडायचे-अडवायचे दरवाजे), खाजनाची म्हणजे खाऱ्या जमिनीतली शेतं, पुढे पोफळी. तळ्याच्या फाट्यावर उतरून थोडं चाललं की पोचलात. भरतीच्या वेळी पावसाळ्यात चाललात तर चपला हातात घ्यायची तयारी ठेवा.

माझ्या घरमालकीण काकींनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, ‘‘बाय, दनपारां येता जाल्यार फेरीन यो, टॅक्सीक पयशे कित्याक घालता?’’ म्हणजे दुपारी येत असशील तर फेरीने ये, टॅक्सीवर पैसे कशाला घालवतेस? हिशेब करून बघितला. टॅक्सीच्या एका भाड्यात माझी बस आणि फेरीची कितीतरी येणी होतात. वेळेत फरक पडतो तो तासाभराचा, आणि पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामापायी वाहतूक तुंबली असेल तर तोही उरत नाही.

पाहुणे घेऊन यायचं असेल आणि घाई नसेल तर अजून एक वाट आहे, तिची शिफारस मी मनापासून करते. जुन्या गोव्याहून फेरीने दिवाडी बेट, बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने नार्वे. नार्व्याला सप्तकोटेश्वराचं देऊळ, कदंब राजांचं कुलदैवत. मूळ देऊळ दिवाडीला होतं, ते पोर्तुगीजांनी पाडलं. आजच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला, तसा शिलालेख दारावर आहे. २०२३ मध्ये पुन्हा डागडुजी होऊन देऊळ नीटनेटकं झालंय. तिथून मये जवळच. बसने हे जमवणं कटकटीचं आहे, भाड्याच्या स्कूटरवर मात्र मस्त. माझी पुण्याची आत्तेबहीण या वाटेने आली आणि नंतरचे दोन दिवस समुद्राचं नावही काढलं नाही.

काही दिवस टाळावेत. वैशाखात शिरगावला लईराईची जत्रा असते. शिरगाव मयेला लागूनच, त्यामुळे त्या दिवसांत अस्नोड्याकडून येणारी वाट धोंडांनी (देवीचं व्रत करणाऱ्या भक्तांनी) आणि भाविकांनी भरलेली असते. जत्रेलाच यायचं असेल तर गोष्ट वेगळी. चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं सामान घेऊन सगळा गोवा रस्त्यावर. आणि खाणी पुन्हा सुरू झाल्यापासून डिचोलीच्या आसपास खनिजाचे ट्रक, स्कूटरवर असाल तर तोंडाला रुमाल बांधा.

तळ्याबद्दल थोडंच सांगते. तीन बाजूंनी डोंगर, पर्यटन विकास महामंडळाचं निवासस्थान, पायाने चालवायच्या होड्या आणि २०१८ पासून बंजी जंपिंगचा मनोरा. रविवारी सहलीच्या बस येतात, तेव्हा मीटिंग ठेवू नका. सोमवार ते शुक्रवार शांतता. मोबाइलची रेंज डोंगराआड लपंडाव खेळते, घर घेण्याआधी खोलीत उभं राहून फोन लावून बघा.

तिकीट काढताना कोड वाचा. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. दोन्हींवर ‘गोवा’ लिहिलेलं असतं आणि स्वस्त दिसलं की माणूस खालचं वाचत नाही. आमच्या ऑफिसातला एक जण मोपाहून आला आणि परतीला मोपालाच जाऊन उभा राहिला, विमान दाबोळीहून. दोन्ही विमानतळांमध्ये अख्खा उत्तर गोवा आणि कोलवाळची शापोरा धरून तीन नद्या आहेत, धावत जाऊन पकडण्यासारखं ते नाही.

परतीला माझा नियम उलटा आहे. जाताना मी शक्यतो मोपाच घेते. सकाळची विमानं तिथून जास्त, आणि डिचोलीचा ओळखीचा टॅक्सीवाला पहाटे दारात येतो, त्याला रिकामं परत जाण्याची चिंता नाही कारण मोपाहून त्याला भाडं मिळतंच. त्याचा दर विमानतळावरच्या दरापेक्षा कमी पडतो. तुम्ही मयेला घर किंवा खोली ठरवाल तेव्हा मालकाकडे अशा टॅक्सीवाल्याचा नंबर आधीच मागून ठेवा, आदल्या रात्री मागितला तर तो कुठल्यातरी लग्नाच्या वऱ्हाडात असतो.