आयपीव्ही४ पत्ते : वाटून वापरावेत, विकत घ्यावेत की भाड्याने?

इंटरनेटवरील उपकरणे ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आयपीव्ही४च्या सुमारे ४२९ कोटी अंकी पत्त्यांपैकी शेवटचे पाच मोठे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी पाच प्रादेशिक नोंदणी संस्थांना देऊन झाले, आणि त्याच एप्रिलमध्ये त्यांपैकी आशिया-प्रशांत विभागाच्या एपनिक या संस्थेने उरलेला साठा मोजूनमापून देण्यास सुरुवात केली. त्यामुळे आज तालुक्याच्या गावी ब्रॉडबँड सुरू करणाऱ्या पुरवठादाराला पत्ते किती हवेत याआधी ते कुठून आणायचे हे ठरवावे लागते.

भारतात निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) चालवत असलेल्या इरिन या नोंदणी संस्थेकडून नव्या सदस्याला जास्तीत जास्त ५१२ पत्ते मिळतात. २०१९पूर्वी ही मर्यादा १,०२४ होती. आकडा तुटपुंजा वाटतो खरा, पण सीजीनॅट, म्हणजे पुरवठादाराच्या पातळीवर पत्ते वाटून वापरण्याचे तंत्र, वापरून एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटला की हिशेब बदलतो. एका पत्त्यामागच्या ६५,५३६ पोर्टपैकी (पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यावरच्या वेगवेगळ्या जोडण्या ओळखणारे क्रमांक) पहिले १,०२४ बाजूला ठेवून प्रत्येक ग्राहकाला १,००० पोर्ट दिले, तर एका पत्त्यावर ६४ ग्राहक बसतात, म्हणजे सगळ्या संचावर ३२ हजारांहून अधिक. लहान पुरवठादाराला एवढे पुष्कळ झाले. मात्र कोणत्या क्षणी कोणता पोर्ट कोणाकडे होता याच्या नोंदी काटेकोरपणे सांभाळाव्या लागतात, कारण पोलिसांनी चौकशी केल्यास नुसत्या पत्त्यावरून ग्राहक ओळखता येत नाही. शिवाय वाटून दिलेल्या पत्त्यावर बाहेरून थेट जोडणी होत नसल्यामुळे दुकानातला सीसीटीव्ही बाहेरून थेट पाहू इच्छिणारा ग्राहक हमखास तक्रार करतो.

खरेदीत ही अडचण नाही, पण पैसा लागतो. २०११ साली मायक्रोसॉफ्टने नॉर्टेलचे ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरना घेतले, म्हणजे प्रत्येकी सुमारे सव्वाअकरा डॉलर. पुढे २०२१-२२च्या सुमारास भाव ५० डॉलरच्या वर गेला आणि नंतर उतरला. ज्याच्याकडे स्वतःच्या न बदलणाऱ्या, कायम पत्त्याचे वेगळे पैसे मोजणारी कार्यालये ग्राहक आहेत, त्यालाच हा व्यवहार परवडेल.

भाड्याच्या पत्त्यांबाबत माझे मत प्रतिकूल आहे. आधीच्या भाडेकरूने स्पॅम पाठवले असल्यास तुमच्या ग्राहकांची ईमेल अडतात, आणि करार संपला की सगळ्या जाळ्याचे क्रमांक बदलावे लागतात. तरीही घ्यायचेच असतील, तर नोंदणी संस्था रोज प्रसिद्ध करत असलेल्या वाटप-यादीत तो गट कोणत्या देशाच्या नावे व केव्हा दिला गेला ते पाहावे, आणि आज तो कोण वापरत आहे हे त्या यादीत दिसत नसल्यामुळे जागतिक राउटिंग-तक्त्यातही, म्हणजे कोणता गट कोणाच्या जाळ्यातून पोहोचतो हे दाखवणाऱ्या यादीतही, तपासावे.

आयपीव्ही६ला, म्हणजे कितीतरी अधिक पत्ते असलेल्या नव्या पद्धतीला, यांपैकी कशाचाही पर्याय समजू नये, कारण केवळ आयपीव्ही४वर चालणारी संकेतस्थळे अजून बरीच आहेत. पण गूगल, यूट्यूब आणि फेसबुकची वर्दळ आयपीव्ही६वरून जाऊ लागली की सीजीनॅटवरचा भार लक्षणीय घटतो, म्हणून इरिनकडे ५१२ पत्त्यांसाठी अर्ज करतानाच आयपीव्ही६चाही करावा आणि घरोघरी बसवायचे राउटर आयपीव्ही६ चालवणारेच निवडावेत.